सोमवारची गोष्ट

"सर, तुम्ही एवढ्या लवकर आलात?" शिवदास सोफ्यावरून ताडकन उठला आणि हातातली खाकी पिशवी पाठीमागे लपवायला लागला.

नितेश धुरी दारातच थबकला. एका हातात मासळीची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी. रविवारी सकाळी आपल्या हाताखालचा लिफ्ट मेकॅनिक घाटकोपरला आपल्याच घरात चहा पीत बसलेला दिसला तर कुणालाही नवल वाटेल. नितेशला नवल वाटलं नाही, भीती वाटली. कारण शिवदासच्या समोर, एक पाय लांब पसरून, मांडीवर शेजाऱ्यांचा उघडलेला मिक्सर घेऊन त्याचा मोठा भाऊ लवू बसला होता. आणि शिवदासच्या लेखी लवू मेलेला होता.

"ये, ये," लवू म्हणाला. "तुझो माणूस इलोहा. पेढे घेवन."

"तुमच्या चुलतभावांशी मस्त गप्पा झाल्या सर," शिवदास म्हणाला.

चुलतभाऊ! नितेशने लवूकडे पाहिलं. लवू मिक्सरच्या बुडाशी स्क्रू शोधत होता, वर बघायला तयार नव्हता.

"परवाचं मुलुंडचं सांगत होतो काकांना," शिवदास बसला नाही, उभ्याउभ्याच बोलत राहिला. "वरच्या मजल्यावरून लिफ्टच्या गाडीच्या टपावर उतरलो सर, आणि आधी स्टॉपचं बटण दाबलं. तेवढ्यात खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली. गाडी हललीच नाही! बटण दाबलं नसतं तर माझी वाट लागली असती. पोरगी चार महिन्यांची आहे माझी. तुमच्या भावाची गोष्ट डोक्यात असते ना, म्हणून हात आपोआप बटणावर जातो. बायको म्हणाली, सरांच्या आईंना पेढे देऊन या."

आई समोरच्या बिल्डिंगमध्ये भजनाला गेली होती. तेवढं तरी नशीब, असं नितेशच्या मनात आलं आणि असं मनात आल्याची त्याला लगेच लाज वाटली.

"बरं केलंस," तो म्हणाला.

"निघतो सर. काका, चार तारखेला मरोळला नक्की या हं. गेटवर माझं नाव सांगा." शिवदासने खाकी पिशवी छातीशी धरली, लवूला वाकून नमस्कार केला आणि चपला पायात अडकवून तो गेला.

दार लागलं. स्वयंपाकघरातून नितेशची बायको जान्हवी हात पुसत बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

लवूने मिक्सर खाली ठेवला. "कधी मेलंय मी?" त्याने विचारलं.

आता ही भानगड कशी झाली ते सांगायला हवं.

नितेश ज्या कंपनीत सुपरवायझर आहे ती कंपनी अंधेरी ते बोरिवली आणि इकडे घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या इमारतींच्या लिफ्टची देखभाल करते. दर सोमवारी सकाळी मेकॅनिक पोरांची उभ्याउभ्या एक मीटिंग होते. कोणत्या साइटवर कोण जाणार, काय बिघडलंय, आणि शेवटी सुरक्षेचे नियम. हे नियम नितेश वर्षानुवर्षं वाचून दाखवत आला होता आणि पोरं वर्षानुवर्षं मोबाइलमध्ये तोंड घालून ते ऐकत आली होती. मग ट्रेनिंगसाठी रुचिरा मॅडम आल्या. त्यांनी सगळ्या सुपरवायझरना एसीत बसवून सांगितलं, नियम वाचू नका, गोष्ट सांगा. तुमच्या आयुष्यातली, तुम्ही पाहिलेली. सुरुवात हवी, मधे धक्का हवा आणि माणूस घरी घेऊन जाईल असा शेवट हवा.

बाकीच्या सुपरवायझरना घाम फुटला. नितेशला मात्र कुणीतरी माहेरी आणून सोडल्यासारखं वाटलं. त्याचे वडील, धाकू धुरी, गिरणीत होते तेव्हापासून चाळीच्या कठड्यावर बसून गजाली सांगायचे. गजाली म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. त्यात माणूस खरा असतो, गाव खरं असतं, आणि बाकीचं सांगणाऱ्याच्या मर्जीवर असतं. धाकूच्या गजालीत कुणी समुद्रात बुडून मरायचा आणि पुढच्या शनिवारी तोच माणूस जिवंत होऊन कोंबड्या चोरायचा. ऐकणाऱ्यांपैकी कुणीही त्याला कधी हटकलं नाही. गजालीतला माणूस मेला म्हणून कुणी सुतक पाळत नाही, हे कठड्यावर बसलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असायचं.

पहिल्या सोमवारी नितेशने लवूची गोष्ट जशी घडली तशीच सांगितली. लवूच मुळात लिफ्टचा मेकॅनिक. त्यानेच धाकट्या भावाला या धंद्यात आणलं, पाना हातात धरायला शिकवलं. एके दिवशी तो गाडीच्या टपावर उतरला आणि बटण दाबायला विसरला. खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली आणि लवूचा पाय गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. पाय वाचला, पण वाकडा आणि आखूड होऊन. गोष्ट संपली तेव्हा मागून एकाने विचारलं, "म्हणजे वाचले ना, सर?" नितेश म्हणाला, "वाचला." "मग ठीक आहे ना," असं म्हणून तो पोरगा चहाच्या टपरीकडे बघायला लागला.

हे नितेशच्या जिव्हारी लागलं. पुढची मीटिंग बोरिवलीला होती, पोरं वेगळी होती. गोष्ट त्याच ठिकाणी आली आणि बाप बोलल्यासारखं त्याच्या तोंडून निघून गेलं, "जागच्या जागी गेला. मी खाली उभा होतो."

कुणी हललं नाही. एकाच्या हातातला वडापाव तसाच राहिला. त्या आठवड्यात बोरिवलीची पोरं एकमेकांना ओरडून विचारत होती, "बटण दाबलं का रे?"

मग लवू दर सोमवारी मरू लागला. कधी अंधेरीत, कधी मुलुंडला. पहिल्या दिवशी ऐकणाऱ्यांपैकी एकाने भोळेपणाने विचारलंही, "सर, तुमचे भाऊ वाचले होते ना?" त्यावर नितेश म्हणाला, "नंतर गेला." एका खोट्याला दुसरं जोडावं लागलं, ते असं. या दोन वर्षांत कंपनीत एकालाही मोठी इजा झाली नाही. रुचिरा मॅडम नव्या सुपरवायझरना सांगायच्या, गोष्ट कशी सांगायची ते धुरीसरांकडून शिका.

आणि दर सोमवारी संध्याकाळी नितेश लवूसाठी काहीतरी घेऊन घरी यायचा. कधी मालवणी खाजा, कधी चांगला स्क्रूड्रायव्हर, कधी नुसतीच पिकलेली केळी. रिकाम्या हाताने त्या माणसासमोर जायची त्याची हिंमत व्हायची नाही.

"कधी मेलंय, विचारतंय," लवू पुन्हा म्हणाला. "आपली तारीख आपणाक ठावक असलेली बरी."

"दादा, ती मीटिंगमधली गोष्ट आहे रे. पोरं नुसतं सांगून ऐकत नाहीत."

"कसो मेलंय?"

"गाडीच्या आणि भिंतीच्या मधे."

"जाग्यार?"

नितेशने मान हलवली.

"बरा झाला. बापाशीचे हाल वाचले." लवू हसला. नितेशला वाटलं, हसला, म्हणजे निभावलं. पण लवूचं हसणं अर्ध्यावर थांबलं. त्याने पसरलेल्या पायावरून हात फिरवला. "आणि ह्या पायाचा काय सांगतंस?"

"पायाचं... त्यात येत नाही."

"बापूस माका उचलून संडासाक नेय, ता? कुडाळच्या चेडवाच्या घरच्यांनी सोयरीक मोडली, ता? तुझ्या लग्नात हयच्या बायलो माका बघून कुजबुजत होत्यो नि मी पंगतीत वाढी होतंय, ता?"

"नाही सांगत."

"कित्याक?"

कारण नितेशला माहीत होतं. ते सगळं सांगायला गेलं तर संपत नाही. सकाळी उठून भिंत धरत मोरीपर्यंत जायचं, आईला घेऊन दवाखान्यात बसायचं, अख्ख्या बिल्डिंगचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचे, धाकट्याच्या मुलांना शाळेत सोडायचं. यात धक्का कुठे आहे, शेवट कुठे आहे? सोमवारच्या मीटिंगमध्ये असल्या गोष्टीवर चहासुद्धा थंड होत नाही.

"मरूक काय लागता रे," लवू म्हणाला. "ह्या सगळा माका करूक लागला." आणि मग त्याला काहीतरी उमगलं. "म्हणान दर सोमवारी माझ्यासाठी कायतरी हाडतंस?"

नितेशच्या हातातली मासळीची पिशवी गळायला लागली होती. जान्हवीने पुढे होऊन ती घेतली.

"फोटो न्हेल्यान हा तेणा," लवू सहज सांगावं तसं म्हणाला.

"कुणाचा फोटो?"

"माझोच. त्या पिशवेत होतो. पोरगो दारात उभो रवान म्हणता, सरांच्या भावाक हात जोडूचे हत, फोटो खंय हा? भिंतीर तर बाबांचोच एकटो. मी काय सांगू? म्हटलंय, मी चुलतभाव, आणि आवशीक बघवना नाय म्हणान लवूचो फोटो कपाटात ठेवलेलो हा. तर म्हणता, मॅडमनी मागल्यानी हा, चार तारखेक कार्यक्रम हा, सरांका सांगा नको, सरप्राइज हा." लवूने मिक्सर पुन्हा मांडीवर घेतला. "हिरव्या शर्टातलो दिलंय. आयटीआयच्या टायमाचो. मेलंय तर बरो तरी दिसांदे."

आता जान्हवीला राहवेना. "तिथे हार घालतील त्या फोटोला! जिवंत माणसाच्या फोटोला हार? काय कळतं की नाही तुम्हाला? उद्याच्या उद्या जाऊन सांगा त्या मॅडमला खरं काय ते. आईंच्या कानावर गेलं तर त्या अंथरूण धरतील."

"ओरडा नको गो," लवू म्हणाला. "बांगडे साफ कर आधी, वास सुटलोहा."

त्या रात्री नितेशने मनाशी पक्कं ठरवलं. दोन वाक्यं तर बोलायची होती. मॅडम, माझा भाऊ जिवंत आहे. मी खोटं बोललो. अंथरुणावर पडून त्याने ती दोन वाक्यं इतक्या वेळा म्हणून पाहिली की त्यांतला अर्थच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मरोळच्या ऑफिसात तो सगळ्यांच्या आधी पोचला. रुचिरा मॅडम मात्र त्याच्याही आधी आल्या होत्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर काम सोपं झालं असतं.

"मॅडम, फोटोबद्दल बोलायचं होतं."

"अरे यार! शिवदासने फोडलं ना?" रुचिराने कपाळावर हात मारला. "सरप्राइजची पार वाट लावली त्याने. आता लपवून काय उपयोग, बघूनच घ्या." तिने फोन पुढे केला. फ्रेमवाल्याने मोठ्या केलेल्या फोटोचा नमुना पाठवला होता. हिरव्या शर्टातला लवू दात दाखवून हसत होता, केस मधोमध भांग पाडलेले, दोन्ही हात कमरेवर. "काल हे बघून मला रडू आलं, सर. किती हसरे होते हो!"

होते. हा एवढासा शब्द नितेशने स्वतःच तिच्या तोंडात घातला होता.

"हार घालू नका," तो म्हणाला.

"का?"

इथे बोलायचं होतं. वेळही होती, जागाही होती, ऐकणारं माणूसही समजूतदार होतं. "आमच्यात तसं घालत नाहीत," नितेश म्हणाला.

"पण मी तुमच्या चुलतभावांना विचारलं. शिवदासने नंबर घेतला होता त्यांचा. ते म्हणाले, घाला, काय हरकत नाही. तुमच्या आईंनाही बोलवू या असं माझ्या मनात होतं."

"आईला नको!" नितेश एवढ्या जोरात म्हणाला की रुचिरा दचकली. "तिला सोसणार नाही."

"सॉरी, सॉरी. आईंना नाही बोलवत."

तेवढ्यात पोरं मीटिंगसाठी आत येऊ लागली. शिवदासने दारातूनच, काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा करून, "गुड मॉर्निंग सर" म्हटलं. नितेशने त्या सगळ्यांकडे पाहिलं. आता खरं सांगितलं तर ही पोरं हसतील, आणि कुणीतरी म्हणेल, सर काय, काहीही फेकतात. उद्या यातल्याच एकाचा हात बटणापर्यंत जाऊन मागे येईल. हे कारण खरं होतं आणि नितेशने ते घट्ट धरून ठेवलं. पण त्याच्याखाली आणखी एक कारण होतं, तेही त्याला दिसत होतं. गोष्टीच्या आधी ही पोरं त्याला पाठीमागे "धुऱ्या" म्हणायची. सर झाला तो लवू मेल्यावर.

त्या सोमवारी त्याने गोष्ट सांगितली नाही, नियम वाचून दाखवले. पोरांना वाटलं, सरांना चार तारखेच्या कार्यक्रमाचा सुगावा लागलाय म्हणून ते हळवे झालेत. संध्याकाळी तो रिकाम्या हाताने घरी गेला. लवूने दार उघडलं, त्याच्या हातांकडे पाहिलं आणि आत वळला.

चार मार्चला, सुरक्षा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, मरोळच्या गाळ्यातल्या कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. समोरच्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर फ्रेम, आणि फ्रेमखाली छापील अक्षरांत "कै. लवू धाकू धुरी". नितेशने ते वाचलं. बापाचं नावही या खोट्यात ओढलं गेलंय, हे तोवर त्याच्या लक्षात आलं नव्हतं. घरातून निघताना तो जान्हवीला सांगून आला होता, की आज मी सगळ्यांसमोर बोलणार. ती म्हणाली होती, "बोललात की मला फोन करा." तोवर ती त्याच्याशी धड बोललीही नव्हती.

सगळे बसले तेव्हा दारातून शिवदास आत आला आणि त्याच्यामागे लवू. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवे सँडल. एका पायावर भार देत, दुसरा जरा ओढत तो आला आणि शिवदासने दाखवलेल्या पुढच्या खुर्चीवर बसला. फोटोतल्या पोराचे काळेभोर केस आणि या माणसाचं पांढरं डोकं, फोटोतले कमरेवरचे हात आणि या माणसाचा गुडघ्यावर दाबून धरलेला हात, यांचं नातं कुणाच्या मनातही आलं नाही. घरच्यांचा तोंडवळा एकसारखा असतोच.

नितेश उठून त्याच्याकडे जाणार, तेवढ्यात रुचिराने माइक घेतला. "धुरीसरांच्या कुटुंबातले एक सदस्य आज आलेत. घरच्याच माणसाच्या हातून हार घातला जावा, असं मला वाटतं."

लवू उठला. त्याने झेंडूचा हार ताटातून उचलला, दोन्ही हातांनी नीट सोडवला आणि फ्रेमवर घातला. एक बाजू लांब झाली होती, ती ओढून सारखी केली. मग एक पाऊल मागे सरून तो त्या हिरव्या शर्टाकडे बघत राहिला. किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. कुणीतरी येऊन आपल्या थोबाडीत मारावी असं नितेशला मनापासून वाटलं.

"दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या," रुचिरा म्हणाली.

सगळे उभे राहिले. लवू तर उभाच होता. एका जागी उभं राहणं त्याला जड जातं, चालणं परवडतं. त्याचा पाय थरथरायला लागला. त्याने टेबलाची कड धरली, मान खाली घातली आणि स्वतःसाठीची ती दोन मिनिटं पूर्ण उभं राहून काढली.

मग नितेशच्या हातात माइक आला.

त्याने सुरुवात केली ती नेहमीसारखीच. अंधेरीची ती इमारत, वरच्या मजल्यावरचा उघडा दरवाजा, खाली अंधार. त्याला सांगता येत होतं, यात वाद नव्हता. पोरं खुर्च्यांच्या कडेला सरकली. "माझा भाऊ टपावर उतरला. बटण दाबायचं राहिलं. तेवढ्यात खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली." इथे तो नेहमी थांबायचा आणि मग म्हणायचा, जागच्या जागी. आज त्याने ते शब्द बाजूला सारले आणि दुसरे शब्द जुळवले. तो वाचला. तो इथेच बसलाय.

त्याने लवूकडे पाहिलं. लवूने मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही, काहीच केलं नाही. सगळ्यांसारखा तोही पुढे वाकून ऐकत होता.

"तो..." नितेश म्हणाला.

आवाज तिथेच बसला. मारवेनाही आणि जगववेनाही. त्याने तोंड उघडलं, मिटलं. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. शिवदासने बाहीने डोळे पुसले. नितेशला ते दिसलं आणि तो घाबरला. हे लोक त्याच्या गप्प बसण्यातूनही लवूला मारत होते.

"नाही, ऐका," तो म्हणाला. "ऐका माझं..."

पण रुचिरा पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आली होती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माइक हळूच काढून घेतला. "बस, सर. पुढचं आम्हाला कळलं." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळी पोरं पुन्हा उभी राहिली, कुणी न सांगता.

चहाची गडबड सुरू झाली तेव्हा नितेश मागच्या दाराने धावत गेटवर गेला. लवू आणि शिवदास तिथे उभे होते.

"काय रे," लवू शिवदासला विचारत होता, "बटण दाबतंस मां?"

"कायम, काका. आईशप्पथ."

"घायत असलंस तरी?"

"कितीही घाईत असलो तरी."

"बरा." लवूने त्याच्या खांद्यावर थोपटलं. शिवदास रिक्षा बघायला रस्त्यावर गेला.

"दादा, मी आज सांगणार होतो," नितेश म्हणाला. "जान्हवीची शप्पथ, सांगणार होतो."

"आयकलंय मी."

"आत्ता जाऊन सांगतो. चल माझ्याबरोबर. दोघं जाऊ."

"आता खंय जातंस? पोरां रडली थंय. आता तू सांगलंस तर ती तुका मारतली, नायतर हसतली. हसली तर फुडे बटण कोण दाबतलो?" लवूने सँडलच्या पट्ट्यात बोट घालून तो सैल केला. पायाला सूज आली होती. "रवांदे. आवशीक मात्र कळता नये."

नितेशला रडायला आलं. भर रस्त्यात, कंपनीच्या गेटवर, वॉचमनसमोर त्याचे डोळे भरून आले. "मला माफ कर रे, दादा."

लवू रस्त्यापलीकडे रिक्षा थांबवणाऱ्या शिवदासकडे बघत होता. "बरो हा पोरगो," तो म्हणाला. "घराक जेवक बोलवल्यान हा माका. पोरगी बघूक येवा म्हणता. मिक्सरपण बिघडलोहा तेंचो. कोण म्हणान जाव मी थंय? चुलतभाव म्हणान?"

बापाची सगळी विद्या इथे नितेशच्या कामाला आली नाही.

रिक्षा आली. लवू आधी पाठमोरा बसला, मग वाकडा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. शिवदासने वाकून त्याच्या पायाला हात लावला. "सांभाळून जा, काका," तो म्हणाला. रिक्षा वळली आणि मरोळच्या टेम्पोंच्या गर्दीत दिसेनाशी झाली. नितेशच्या खिशात फोन वाजत होता. जान्हवी होती. त्याने तो वाजू दिला.

"सर, चला ना, ग्रुप फोटो घ्यायचाय. सगळे थांबलेत," शिवदासने त्याचा हात धरला.

कँटीनमध्ये पोरांनी तीन रांगा केल्या होत्या. मधोमध टेबल, टेबलावर ती हार घातलेली फ्रेम आणि तिच्या शेजारी नितेशसाठी मोकळी ठेवलेली जागा. तो जाऊन उभा राहिला. रुमालाने तोंड पुसलं. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि हाताने खूण केली.

"साहेब, भावाच्या फोटोच्या जरा जवळ सरका."

नितेश सरकला.